शाळेतला कचरा कमी करायचाय? या चुका टाळा

जूनमध्ये हरित सेनेची, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाची, नवी तुकडी निवडली जाते, ऑगस्टपर्यंत फलक रंगवून होतात, आणि दिवाळीची सुट्टी संपली की सगळे थंडावते. शाळाशाळांतल्या मुलांच्या गटांबरोबर काम करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मुलांचा उत्साह टिकत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. मुलांना झाडायला बोलावतात, घोषणा द्यायला बोलावतात; मोजायला आणि ठरवायला बोलावत नाहीत. पुढे दिलेल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी डबे आणले, मावशींना कोणी विचारलेच नाही

देणगीतून हिरवे-निळे डबे येतात, उद्घाटनाचा फोटो निघतो. आठवडाभर मुले ओला-सुका नीट वेगळा करतात. मग एखादी सातवीतली मुलगी पाहते की संध्याकाळी मावशी दोन्ही डबे एकाच पोत्यात रिकामे करतात. ‘मग आम्ही कशाला वेगळे करायचे?’ या प्रश्नाला शिक्षकांकडे उत्तर नसते.

यात मावशींचा दोष नाही. त्यांच्याकडे पोते एकच असते आणि त्यांना कोणी काही सांगितलेलेही नसते. म्हणून पहिली बैठक मुले, मावशी, शिपाईमामा आणि घंटागाडीवरचे दादा यांची व्हावी. गाडी कोणत्या वारी येते, ती सुका कचरा वेगळा घेते का, रद्दीवाला किंवा भंगारवाला काय विकत घेतो आणि कशाला हात लावत नाही, हे मुलांनी त्यांनाच विचारावे. पुण्यासारख्या शहरात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे; तिथल्या ताईंना शाळेत बोलावले तर एका तासात मुलांना जे कळते ते चार फलकांतून कळणार नाही. डबे किती घ्यायचे आणि कुठे ठेवायचे, हे त्यानंतर ठरवा.

न मोजता मोहीम ठरवली

प्लॅस्टिक डोळ्यांना दिसते, म्हणून मोहीम प्लॅस्टिकवर निघते. मुलांना ताणकाटा द्या आणि सलग पाच दिवस प्रत्येक डबा वजन करून वहीत नोंदवायला सांगा. वेफर्सची पाकिटे जागा खूप व्यापतात, पण वजन नगण्य. पोषण आहार शिजणाऱ्या शाळेत काटा खाली ओढते ती बहुधा उरलेली खिचडी.

इथे घाईने उपदेश करू नका. ‘अन्न वाया घालवू नका’ असे भिंतीवर लिहिल्याने खिचडी उरायची थांबत नाही. ती का उरते ते मुलांनाच शोधू द्या. पहिली ते पाचवीसाठी मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदळाचे प्रमाण ठरलेले आहे. पण हजेरी लागली म्हणजे ते मूल शाळेतच जेवणार असे नसते. कोणी घरून डबा आणतो, कोणाचा उपवास असतो. हजेरीनंतर दोन मुलांनी वर्गावर्गांत फिरून आज कितीजण जेवणार ते विचारावे आणि तांदूळ धुण्याआधी स्वयंपाकीण मावशींना आकडा द्यावा. दुसरे कारण वाढण्यात सापडते. पहिलीच्या मुलाला आणि आठवीच्या मुलाला सारखाच डाव पडतो. ‘थोडी वाढू का? लागली तर परत घे,’ एवढे वाढणाऱ्याने विचारले तरी ताटातली उष्टी खिचडी कमी होते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. ताटात टाकणाऱ्या मुलाचे नाव फळ्यावर लिहू नका आणि दुसऱ्यांदा वाढणे बंद करू नका. काही मुलांसाठी दिवसातले पोटभर जेवण तेवढेच असते. कचरा कमी करायच्या नादात त्या मुलाने मागायला लाजावे, असे होता कामा नये.

खतखड्डा आठ दिवसांत वास मारू लागला

याच टप्प्यावर मुख्याध्यापक खड्डा बुजवायला सांगतात, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

कुजका, आंबूस वास येत असेल तर ओलावा जास्त आणि हवा कमी आहे. एक टोपली ओला कचरा टाकला की वर दोन टोपल्या सुका पाला हवा. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तरी औषध तेच, पाला. मुंग्या झाल्या आणि काहीच कुजत नसेल तर ढीग कोरडा पडला आहे, पाणी शिंपडा. मूठभर खत घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंब निघावा, धार लागू नये. पांढऱ्या अळ्या दिसल्या की मुले किंचाळतात, पण त्या कुजवण्याचेच काम करतात. पाल्याने झाका, ओलावा कमी झाला की त्याही कमी होतात. उंदीर येतात ते उघड्या खिचडीमुळे. शिजवलेले अन्न थोडेच टाका, ढिगाच्या मध्यभागी पुरा आणि वरून झाका. कोकणात किंवा पावसाच्या गावात खड्डा खणूच नका, त्याचे तळे होते. जमिनीवर विटांचा जाळीदार हौद बांधा, वर पत्रा टाका.

पाला कुठून आणायचा, असा प्रश्न पडणाऱ्या शाळेतच मैदानाच्या कोपऱ्यात रोज सकाळी पाला जळत असतो. घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, आणि जळतो आहे तो तुमच्या खताचा अर्धा माल आहे. मामांशी बोला, दोन पोती बाजूला ठेवायला सांगा. कडुनिंब, गुलमोहराचा बारीक पाला लवकर कुजतो. आंब्या-फणसाची जाड पाने चुरून टाका.

बक्षीस उलटे लागले

‘सर्वाधिक रिकामी पाकिटे आणणाऱ्या वर्गाला ढाल’ असे जाहीर केले की मुले पाकिटे मिळवण्यासाठी वेफर्स विकत घेतात. टाकाऊपासून टिकाऊच्या स्पर्धेतही हेच होते. आदल्या संध्याकाळी आई-बाबा दुकानातून नव्या आइस्क्रीमच्या काड्या, चमकी आणि रंगीत कागद आणतात. आठ दिवसांनी ती वस्तू कचऱ्यातच जाते. त्यापेक्षा जुन्या वह्यांची कोरी पाने काढून कच्च्या कामाची वही शिवा. बक्षीस द्यायचेच असेल तर मागच्या महिन्यापेक्षा ज्या वर्गाचा डबा हलका झाला त्याला द्या.

झाडू कोणाच्या हातात आहे?

मला सर्वांत जास्त सलते ते हे. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून कागद वेचायला लावतात. स्वच्छतागृहापर्यंत बादली नेणारी मुले कशी कोण जाणे ठरलेलीच असतात, आणि ती कोणत्या वस्तीतली आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. गाडगेबाबा स्वतः हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या तसबिरीखाली झाडणे ही शिक्षा होऊ नये. पाळीचा तक्ता मुलांनी बनवावा, त्यात प्रत्येकाचे नाव असावे, आठवड्यातून एकदा बाईंचे आणि सरांचेही. कचऱ्याला हात लावताना हातमोजे हवेतच.

मुलींच्या स्वच्छतागृहातल्या पॅडचा विषय सहसा बैठकीत निघतच नाही, कारण बैठकीत बोलतात सर. मुलींची वेगळी बैठक बाईंनी घ्यावी. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यातल्या कचरावेचक महिलांनी लोकांपर्यंत नेली. उचलणाऱ्या हाताला आत काय आहे ते न उघडता कळते.

दहावीची मुले गेली आणि वही हरवली

हुशार म्हणून दहावीच्या मुलांना प्रमुख करतात. फेब्रुवारीत ती अभ्यासाला लागतात आणि काम थांबते. प्रमुख आठवीतले असावेत, जोडीला सातवीतले, आणि वजनाची वही ऑफिसच्या कपाटात. मे महिन्याच्या सुट्टीआधी दोन आठवडे हौदात ओला कचरा टाकणे थांबवा, एकदा वरखाली करा, पाणी शिंपडून वर पाल्याचा जाड थर द्या आणि पोते पांघरा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात नव्या तुकडीकडून खत चाळून घ्या, वजन करा आणि ते वहीत त्यांच्याच अक्षरात लिहू द्या.