म्हातारपणातला राग, उदासी आणि विसर: या चुका टाळा

सत्तरी ओलांडलेले बाबा कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायचे बंद होतात. देवळातलं भजन सुटतं, पेपर घडी न उलगडता पडून राहतो. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, उलट 'आता शांत झाले' असं समाधान असतं. मग एक दिवस सुनेने पुढे केलेला चहाचा कप ते भिरकावतात आणि धावपळ सुरू होते. गोव्यात फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात, गोष्ट साधारण अशीच घडते. गप्प बसलेला म्हातारा कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याची उदासी कुणाला दिसत नाही. ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत महागडी.

'वयच झालं आता'

उतारवयातलं नैराश्य रडून दाखवत नाही. ते चिडचिडीतून, मंदावलेल्या भुकेतून, पहाटे तीनला येणाऱ्या जागेतून आणि न संपणाऱ्या अंगदुखीतून बोलतं. डिमेन्शियाशी, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराशी, त्याचं नातं गुंतागुंतीचं आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024च्या अहवालात डिमेन्शियाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले आहेत, त्यांत नैराश्य आहे. दुसरीकडे, लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात डिमेन्शिया झालेल्यांमध्ये उदासीची लक्षणं निदानाच्या सुमारे 11 वर्षं आधीपासून वाढलेली आढळली. म्हणजे उतारवयात नव्याने आलेली उदासी काही वेळा त्या आजाराचीच पहिली पावलं असू शकते. आणि तिसरी शक्यता अशी की डिमेन्शिया नाहीच, नुसत्या नैराश्याने विसर पडतोय. तसं असेल तर उपचारांनी स्मरणही सुधारतं.

ओळखायची एक ढोबळ खूण सांगतात. उदास माणूस 'मला काहीच आठवत नाही' म्हणून स्वतः तक्रार करतो, डिमेन्शियाचा माणूस बहुतेक वेळा झाकपाक करतो. पण दोन्ही एकत्रही असतात, तेव्हा या खुणेवर घरीच निकाल लावू नका.

अचानक बदल झाला तरी वाट पाहणे

दोन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर त्याला डिमेन्शिया म्हणून सोडून देऊ नका. डिमेन्शिया सहसा महिन्या-वर्षांनी वाढतो. लघवीतला संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी गोळी, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, यांतलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एक आपल्याकडची गोष्ट: मांडीचं हाड मोडून इस्पितळात गेलेले आजोबा तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून आरडाओरडा करतात, तेव्हा रोजची फेणी डॉक्टरांना सांगायला घरचे लाजलेले असतात. दारू एकदम तुटली की असं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सांगा.

'मुद्दाम करतात'

डिमेन्शियातल्या आक्रमकतेमागे बऱ्याचदा उदासी, भास, संशय किंवा साधी वेदना असते. दुखतंय हे शब्दांत सांगता येत नाही, मग हात उगारला जातो. नॉर्वेतल्या 18 वृद्धाश्रमांतल्या 352 जणांवर केलेली एक चाचणी 2011मध्ये प्रसिद्ध झाली. वेदनेवर पायरी-पायरीने, बहुतेकांना साध्या पॅरासिटामॉलने, उपचार केले तेव्हा त्यांचा अस्वस्थपणा घटला. म्हणून रागावण्याआधी दात, गुडघे, बद्धकोष्ठ बघा. कानाचं यंत्र चालू आहे का तेही.

सगळ्यांत जास्त मारामाऱ्या न्हाणीघरात होतात. ज्या सासऱ्याने जन्मभर सुनेसमोर सदरा काढला नाही, त्याला ती मागून येऊन कपडे उतरवू लागली, अंगावर पाणी ओतू लागली, तर तो ढकलणारच. समोरून जा, काय करताय ते सांगा, कमरेला पंचा राहू द्या, जमलं तर मुलाने किंवा नातवाने आंघोळ घालावी. एखाद्या दिवशी नुसतं अंग पुसलं तरी चालतं. तसंच, वारलेल्या बायकोची चौकशी केली तर 'ती गेली ना!' असं दर वेळी ऐकवू नका. तिच्याविषयीच बोलू द्या.

एका वहीत लिहा: किती वाजता भडकले, त्याआधी काय झालं. आठवडाभरात कारण दिसू लागतं.

गोळीने गप्प करणे

देवाला कौल लावायला हरकत नाही, पण सोबत बी-12, थायरॉइड, साखर आणि सोडियमही तपासून घ्या. फार्मसीतून झोपेची गोळी मात्र आणू नका. तिने तोल जातो आणि गोंधळ वाढतो. सर्दीच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचंही तेच. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक (भास, आक्रमकता आवरायच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005मध्येच दिला. अगदी गरजेला, थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ती देतात. भास होत असतील आणि चाल आखडली असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण डिमेन्शियाच्या ल्युई बॉडी प्रकारात ही औषधं फार बाधतात. चालू गोळ्या मात्र मनाने थांबवायच्या नाहीत.

नैराश्याच्या गोळ्यांकडूनही चमत्काराची अपेक्षा नको. डिमेन्शियाबरोबरच्या नैराश्यात सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा) सरस ठरली नाहीत, असं 2011च्या एका ब्रिटिश चाचणीत दिसलं. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेने वेगळी वाट दाखवली आहे. साठीपुढच्या 181 जणांच्या चाचणीत साधारण निम्म्यांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी मदत केली. वर्षभरात ही मदत मिळालेल्यांपैकी सुमारे 4 टक्क्यांना नैराश्याचा झटका आला, इतरांत हे प्रमाण 14 टक्के होतं.

'मेलो तर बरं' हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. कोयता आणि झाडांवर मारायचं औषध कुलपात ठेवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा 14567. बांबोळीला मानसोपचार संस्था आहेच. पहिल्या भेटीला सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि ती वही न्या. सोबत दिवसभर घरात असणारी सून जाऊ दे, नुसती गाडी चालवायला पणजीहून आलेला मुलगा पुरणार नाही.