कोंबडीची अन्नपिशवी सकाळी रिकामी हवी

परड्यातली कोंबडी पिसं फुलवून एका कोपऱ्यात उभी राहिली की आधी गूळपाणी पाजलं जातं, नाहीतर घरात उरलेली एखादी गोळी चारली जाते. त्याआधी तिच्या गळ्याखाली हात घालून बघा. खाल्लेलं अन्न तिथल्या पिशवीत साठतं, भिजतं आणि थोडं थोडं करून पुढे पेट्याकडे, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटाकडे, सरकतं. तिथे अडलं तर बाकी काहीही चारून उपयोग होत नाही.

तपासायची वेळ एकच, सकाळी खुराडं उघडल्या उघडल्या, दाणे टाकायच्या आधी. कोंबडी डाव्या काखेत सरळ धरा. मान जिथे छातीला मिळते तिथे, तिच्या उजव्या बाजूला, बोटांनी चाचपा. संध्याकाळी पिशवी पेरूएवढी फुगलेली असणं चांगलंच, पण रात्रभरात ती रिकामी होऊन हाताला लागेनाशी झाली पाहिजे. शंका असेल तर कोंबडी रात्रभर डालग्याखाली एकटी ठेवा, फक्त पाणी द्या आणि सकाळी परत बघा. त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडावरूनही बोट फिरवा. ते सुरीच्या धारेसारखं लागलं तर दुखणं बरेच दिवसांचं आहे, आणि अशा कोंबडीला उपाशी ठेवणं धोक्याचं असतं.

सकाळीही पिशवी भरलेली लागली तर ती हाताला कशी लागते यावर सगळं ठरतं. घट्ट, मळलेल्या कणकेसारखी किंवा चेंडूसारखी लागली तर आत काहीतरी अडकून बसलंय. पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळते, दाबल्यावर गुडगुडते आणि चोचीला आंबलेल्या पिठाचा वास येतो, तर आत बुरशी वाढलीय.

अडकलेली पिशवी

आपल्याकडे कारणं ठरलेली आहेत. लांब वाळलेलं गवत, भाताचं पिंजर, गुऱ्हाळाभोवती पडलेल्या चिपाडाच्या शिरा, पोत्याची सुतळी, नायलॉनचा दोरा. कोंबडीला दात नाहीत, त्यामुळे लांब तंतू तसेच गिळले जातात आणि आत एकमेकांत गुंतून बोळा होतो. चोचीतून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. आतलं टोक जिभेला किंवा बोळ्याला अडकलेलं असतं, ओढलं तर आत जखम होते. बाहेर आलेला भाग कापा आणि कोंबडी डॉक्टरांकडे न्या.

दोरा दिसत नसेल तर घरी प्रयत्न करता येतो. कोंबडी वेगळी ठेवा, खाली चिपाड किंवा पिंजर न टाकता जुनं कापड अंथरा. १२ तास, फार तर २४ तास दाणा बंद. कोमट पाणी मात्र समोर हवंच, पिशवीतलं अन्न भिजल्याशिवाय सुटत नाही. मग खोबरेल तेल. पातळ तेल नळीनं भसकन ओतलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं, तिचं तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडतं. म्हणून तेल गोठवून द्या. थंडीत ते आपोआप गोठतं, इतर वेळी वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. हरभऱ्याएवढे पाच-सहा गोळे एकेक करून चोचीत सरकवा, एक गिळला की दुसरा. असं दिवसातून दोनदा.

तेल दिल्यावर दहा मिनिटांनी पिशवी चोळायला घ्या. कोंबडी सरळ उभ्या अंगाने धरलेली असावी. बोळ्याच्या मध्यावर दाब देऊ नका. बोटांच्या टोकांनी कडेकडेनं हलवत तो सैल करायचा. पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीन-चार वेळा. कोंबडी मान ताणायला लागली किंवा तोंडात पाणी आलं तर लगेच थांबा. कडक गोळ्याचा मऊ चिखल झाला आणि खाली ओली विष्ठा पडली म्हणजे मार्ग मोकळा होतोय.

मोकळं झाल्यावर लगेच मका-ज्वारी टाकू नका. तीन-चार दिवस भिजवलेलं खाद्य आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं, चमचा-दोन चमचे, दिवसातून चारदा. दोन दिवसांत पिशवी हललीच नाही तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा. डॉक्टर जागा बधिर करून छोटी चीर देतात आणि बोळा काढतात. ब्लेडनं घरी हा प्रयोग अजिबात नको.

आंबलेली पिशवी

इथे बऱ्याच कोंबड्या चुकीच्या उपचारानंच मरतात. पाय धरून उलटी केली आणि पिशवी दाबली की आंबट पाणी बाहेर येतं, पण त्यातलं थोडं जरी फुप्फुसात गेलं तरी कोंबडी मरू शकते. कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी हे करू नका.

ही बुरशी कॅंडिडा जातीची. प्रतिजैविकांचा डोस लांबला, खाद्याला बुरस आला, पाण्याचं भांडं बुळबुळीत राहिलं की ती वाढते. अडकलेल्या पिशवीत अन्न कुजूनही हीच गत होते. साखरेवर ती आणखी फोफावते, म्हणून गूळपाणी, शिळा भात, पाव बंद. ताक-दह्यानं ती मरत नाही. औषध निस्टॅटिन, तेही डॉक्टरांनी वजन बघून ठरवलेल्या मात्रेत. पिकावरच्या बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणाला आणलेलं मोरचूद घरात असतं, पण कोंबडीच्या बुरशीवर म्हणून ते पाण्यात चिमटीनं अंदाजे टाकू नका. लिटरला अर्धा ग्रॅमच्या हिशेबातली ती गोष्ट आहे, थोडं जास्त झालं की विषबाधा होते.

पिशवी कायमची सैल होऊन झोळीसारखी लोंबत असेल तर ती पूर्ववत होत नाही. थोडं थोडं खाणं दिवसातून अनेकदा द्या आणि तिची अंडी उबवायला ठेवू नका.

एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मलूल, हिरवी हगवण, मान वाकडी, असं दिसलं तर पिशवीत पाणी असलं तरी मानमोडीचा (राणीखेत या साथीच्या रोगाचा) संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पाय लुळा पडलेल्या कोंबडीची पिशवी मरेक या नसा लुळ्या पाडणाऱ्या रोगातही भरून राहते, तिथे तेल-चोळणं कामाचं नाही.

बांधून ठेवलेल्या कोंबड्यांना वेगळ्या वाटीत ज्वारीच्या दाण्याएवढी धुतलेली काळ्या दगडाची खडी कायम ठेवा, पेट्यात दळायला तीच लागते. शिंपल्याचा चुरा अंड्याच्या कवचासाठी ठीक, पण पोटात विरघळतो, खडीचं काम करत नाही. गवत टाकायचं तर बोटाच्या पेराएवढं कापून. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात खाद्याचं पोतं भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा, आणि वास आलेलं खाद्य वाळवून परत घालू नका, फेकून द्या.