कोल्हापुरात आठवडाभर मुक्काम कसा करावा

कोल्हापूर बहुतेकांच्या वाट्याला अर्धा दिवस येतं. सकाळी उतरायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, दुपारी तांबडा-पांढरा ओरपायचा, चप्पल लाइनमध्ये पाय मापून घ्यायचे आणि ऊन उतरायच्या आत पन्हाळा नाहीतर आंबोलीमार्गे गोवा. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा कोल्हापूरकर दर सुट्टीला गावाकडे का पळतो, ते एवढ्यात कळणार नाही. हे शहर आपल्या ठरलेल्या वेळांवर चालतं. दुधाची वेळ, मेहनतीची वेळ, मटणाचे वार, चटणीचा महिना, फुटबॉलचा हंगाम. त्या वेळा गाठायच्या तर किमान पाच-सहा दिवस हवेत, आणि आठवडा मिळाला तर उत्तमच.

१. आधी हंगाम ठरवा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. गुऱ्हाळं पेटलेली असतात, फुटबॉलचे सामने सुरू होतात, हवा बरी असते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा किंवा जानेवारीअखेरचे दिवस साधले तर किरणोत्सवही मिळतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात तो हा सोहळा. त्या संध्याकाळी मंदिरात सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं, कारण एक ढग आडवा आला की त्या दिवसाचा खेळ संपला.

मार्च ते मे ऊन तापतं, पण चटणीचे दिवस तेच. पावसाळ्यात जायचं असेल तर पंचगंगेच्या पाण्याची पातळी रोज बघा; २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शहराचा संपर्कच तुटला होता. नवरात्र मात्र या कामासाठी टाळा. दसरा चौकातला शाही दसरा बघण्यासारखा असतो, यात वाद नाही, पण त्या नऊ-दहा दिवसांत शहर पाहुण्यांचं असतं आणि आपल्याला ते रहिवाशांचं बघायचं आहे.

२. मुक्काम पेठेत करा

ताराबाई पार्कात किंवा हायवेला चकचकीत हॉटेलं मिळतील. तिथे उतरलात तर पहाटे साडेपाचला जुन्या गावात यायचा कंटाळा येईल आणि सगळा बेत फसेल. महाद्वार रोड, गंगावेश, मिरजकर तिकटी, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ या पट्ट्यात साधा लॉज, यात्री निवास किंवा कुणाच्या वाड्यातली खोली बघा. खोली लहान असेल, खाली भांड्यांचा आवाज असेल. चालतंय.

पहिला दिवस नुसता चालण्यात घालवा. तटबंदी केव्हाच गेली, पण वेशी नावात टिकून आहेत: गंगावेश, रंकाळावेश. पत्ता विचारलात तर इमारतीचा नंबर कुणी सांगणार नाही. पापाची तिकटी, बिनखांबी गणेश, खरी कॉर्नर, अमक्या तालमीच्या मागं असं सांगतील. मोबाइलवरचा नकाशा खिशात ठेवा आणि विचारत जा. रस्ता विचारला की इथला माणूस बहुधा हातातलं काम ठेवून चार पावलं सोबत येतो, आणि वाटेत तुम्ही कुठले, कुणाकडे आलात, जेवलात का, हे सगळं विचारून घेतो. चौकशीला कंटाळू नका. दोन दिवसांनी तोच माणूस ‘काय पाव्हणं, अजून हाय काय?’ म्हणून हाक मारेल, आणि मग पुढची दारं उघडायला लागतात.

३. सकाळची एकच फेरी पक्की करा आणि रोज तीच मारा

नवनवीन जागा गाठायचा मोह इथेच आवरायचा. माझ्या मते फेरी अशी असावी: पहाटे तालीम, मग पंचगंगा घाट, मग मंडई, मग मिसळ.

तालमीत जायचं तर उजाडण्याआधी. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या नावाजलेल्या तालमींमध्ये राज्यभरातून आणि बाहेरूनही पोरं शिकायला येऊन राहतात. आदल्या संध्याकाळी जाऊन वस्तादांची परवानगी घ्या. चपला बाहेर, मारुतीला नमस्कार, आणि आखाड्याच्या कडेला गप्प बसायचं. लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला असतो आणि आत पाऊल टाकताच तो वास येतो. जोर-बैठका संपल्या की मातीत लढत सुरू होते. कमरेला घाम सुटलेली पोरं एकमेकांच्या अंगावर मूठभर माती टाकतात, म्हणजे हात घसरत नाही. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. लंगोटावरच्या पोराला आपला फोटो कुठे फिरेल याची धास्ती असते. काही जुन्या तालमींत बायकांना आखाड्यापर्यंत येऊ देत नाहीत. मला हे पटत नाही, पण दारातून परत फिरण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

या सगळ्या वेडाच्या मागे राजर्षी शाहू महाराज आहेत. १९०२ साली युरोपात गेले असताना त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं आणि त्यावरून १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. तुमच्या मुक्कामात तिथे कुस्त्यांचं मैदान असेल तर बाकीचे बेत रद्द करा.

घाटावर फार काही करायचं नसतं. पोहणारे म्हातारे, कपडे, म्हशी, दगडी दीपमाळा. अर्धा तास बसा. परतताना कपिलतीर्थ मंडईतून या आणि रोज थोडीशी खरेदी करा, केळी किंवा मूठभर शेंगा, पण एकाच मावशीकडून. तिसऱ्या दिवशी भाव न करता वर चार शेंगा पडतात.

मिसळीबद्दल दोनच गोष्टी. इथे ती पावाशी नव्हे, ब्रेडच्या स्लाइसशी खातात, आणि वरून लागेल तसा कट मागून घेतात. कुठली मिसळ खरी, हा वाद कोल्हापूरकरांसमोर काढाल तर सकाळ तिथेच जाईल. काढाच.

४. दुपार हलकी ठेवा

एक-दीडनंतर पेठा सुस्तावतात. ऊन टाळून टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. ग्रीक समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, याचं उत्तर सातवाहनकाळच्या व्यापारात आहे. दसरा चौकाकडे गेलात तर आजूबाजूच्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचा. १९०१ पासून शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी ही वसतिगृहं काढली किंवा काढायला मदत केली.

जेवणाचं वारावर ठरवा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. त्या दिवशी मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांग असते आणि खानावळीत ताजा माल असतो. हा विषय इथे किती गंभीर आहे म्हणाल, तर २०१९ च्या अखेरीला मटणाचा दर वाढला तेव्हा शहरात रीतसर आंदोलन झालं होतं. थाळीत आधी पांढरा रस्सा वाटीने प्यायचा, मग तांबडा. तिखटाची धास्ती असेल त्याने निर्धास्त यावं. घरगुती तांबड्याला रंग जितका असतो तितका जाळ नसतो, जाळ बाहेरच्यांसाठी वाढवलेला असतो.

५. एक दिवस हाताने होणाऱ्या कामासाठी राखून ठेवा

हंगामाप्रमाणे निवडा, पण एकच. तिन्ही एका दिवसात उरकलीत तर परत सहल झाली.

हिवाळ्यात गुऱ्हाळ. करवीर, पन्हाळा तालुक्यांतल्या गावांत अजून ती चालू आहेत, पूर्वीपेक्षा कितीतरी कमी. मजूर मिळत नाहीत आणि ऊस कारखान्याला जातो. तरी एखाद्या गुऱ्हाळावर सकाळी जाऊन एक आदण, म्हणजे गुळाचा एक घाणा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारत राहतात. रानभेंडीचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. मग रस फुगतो, रंग बदलतो, बुडबुडे जड होतात. गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो. घड्याळ नाही, मापक नाही. त्याने मान हलवली की चार माणसं काहील उचलून वाफ्यात ओततात आणि तिथून पुढे गूळ थिजायच्या आत सगळं भराभर. ओतण्याच्या क्षणी वाटेत उभं राहू नका, उकळता पाक अंगावर उडतो. काकवी मिळाली तर बाटली भरून घ्या आणि पैसे द्या. नको म्हणतील, तरी द्या. शहरात मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात, दिवाळी पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे तर बातमीच असते.

उन्हाळ्यात डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. मिरच्या, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण घेऊन बायका डंकावर येतात आणि वर्षाची चटणी कुटून नेतात. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीचंच बरोबर. नंबर येईपर्यंत तास-दीड तास बाकावर काढावा लागतो आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या त्या बाकावर कळतात. पदर किंवा रुमाल नाकाला लावून बसा, शिंका आवरणार नाहीत.

बारमाही काम म्हणजे चप्पल. चप्पल लाइनमधून विकत घेण्याआधी सुभाषनगरात जाऊन ती होताना बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, थर ठोकून हाताने शिवलेला तळ, आणि वरची वेणी बहुधा घरातल्या बायकांनी घातलेली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जोड घ्या, तेल लावा आणि रोज पायात घाला. नवी कापशी चप्पल दोन दिवस चावते. घरी नेऊन चावण्यापेक्षा इथेच चावलेली बरी, सैल करून द्यायला कारागीर जवळ असतो.

६. संध्याकाळी लोक जिथे जातात तिथे जा

सामना असेल तर शाहू स्टेडियम. फुटबॉल म्हटलं की गोवा-बंगाल आठवतो, पण इथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत आणि पेठांची सगळी ईर्ष्या मैदानात उतरते. तिकीट काढून बसा. शेजारचा तुम्हाला ‘कुणाकडनं?’ असं विचारेल. बाहेरगावचे म्हणून मोकळे व्हा; वातावरण तापलं तर लवकर निघा.

सामना नसेल तर रंकाळा तलाव, भेळ, आणि अंधार पडल्यावर गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. मालक पेला सडाखाली धरतो, धार थेट त्यात पडते, वर चार बोटं फेस चढतो आणि कोमट पेला तुमच्या हातात येतो. काहीजण घरून आपला तांब्या घेऊन आलेले असतात. दूध कच्चं असतं, त्यामुळे पोट नाजूक असेल, गरोदरपण असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर पिऊ नका, नुसतं कट्ट्यावर बसा. बसायला पैसे पडत नाहीत. शुक्रवारी मात्र इथून लवकर उठा, रात्री अंबाबाईची पालखी निघते.

निघताना

ओली कांदा-लसूण चटणी कापडी पिशवीत ठेवू नका, तेल सुटून कपडे जातात. घट्ट झाकणाचा डबा घरूनच आणा. गुळाची ढेप कागदात गुंडाळून कोरड्या बाजूला ठेवा. मुंबईकडे जाणार असाल तर महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे, म्हणजे शेवटच्या दिवशीची संध्याकाळ हातात राहते. सुट्ट्यांच्या दिवसांत तिचं आरक्षण लवकर भरतं, तेव्हा परतीचं तिकीट येण्याआधीच काढून ठेवा.