हिशोब मागायला जाण्याआधी या चुका टाळा

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळमिलचं किंवा चटईच्या कारखान्याचं काम सुटलं की माणूस आमच्याकडे येतो. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलंच असतं: "भाऊ, सात वरीस काम करं, पन हातमा एक कागद नही." तक्रारअर्ज लिहून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. समोरचा खरं बोलतोय हे कळतं. पण मालकाने 'हा आमच्याकडे नव्हताच' असं म्हटलं की गाडी तिथेच अडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, पुरावा न ठेवणं. एक ताई एकदा तीन वर्षांची कालनिर्णयची पानं पिशवीत घेऊन आल्या होत्या. नवरा घरी आला की त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने तास लिहायच्या: ८, १२, १२, सुट्टी. त्याच चौकटीत खाली दुधाचा हिशोब. बँकेच्या पासबुकाशी ती पानं जुळवली आणि ओव्हरटाइमचा दावा उभा राहिला. ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट दराने मिळते, हे त्या घरात तोवर कुणाला माहीत नव्हतं. तुम्हीही आजपासून लिहा. गेटपास, पगाराची चिठ्ठी, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, फोन बदलण्याआधी त्यांची प्रिंट काढा. चार कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ते मागून घ्या.

दुसरी चूक, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही. 'सर्व येणे मिळाले' असं लिहून दहा हजार हातात टेकवले जातात. जरा हिशोब करून बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल आणि नोकरी ७ वर्षांची, तर १३,००० ला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, म्हणजे ७,५००. ते गुणिले ७ म्हणजे ५२,५०० रुपये, आणि ही फक्त ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम. जिथे १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे ती लागू होते. सही करायचीच वेळ आली तर 'रक्कम मान्य नाही, हरकत राखून स्वीकारली' असं स्वतःच्या हाताने लिहा आणि कागदाचा फोटो काढा.

ठेकेदार पळाला म्हणून पगार बुडाला, असं समजून घरी बसू नका. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ कारखान्याने द्यायची असते. अर्जात दोघांचीही नावं घाला. मजुरीचा दावा ३ वर्षांच्या आत, कामावरून काढल्याचा वाद २ वर्षांच्या आत न्यायचा. 'दिवाळीनंतर बघू' म्हणता म्हणता ही मुदत संपलेली मी पाहिली आहे आणि तेव्हा फार वाईट वाटतं.

ठेकेदार बदलला की पीएफ काढून घेऊ नका, नव्या खात्यात वळवा. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, काढलं म्हणजे बांधकाम कामगार मंडळात नाव लागलं, असंही नाही. तिथे ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो.

आणि एकट्याने केबिनमध्ये जाऊ नका. एकट्याला दुसऱ्या दिवशी 'काम नाही' म्हणणं सोपं असतं. युनियनच्या नोंदणीचा अर्ज ७ कामगार करू शकतात, म्हणजे चाळीस जणांच्या डाळमिललाही ते जमतं. मात्र रागाच्या भरात सकाळी गेटवर बसू नका. संपाला १४ दिवसांची लेखी नोटीस लागते, ती नसली तर संप बेकायदा ठरतो.

शेतातल्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, यातलं काही लागू नाही, असं गावोगावी ऐकू येतं. किमान वेतन शेतमजुरालाही आहे. १९७२ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींसोबत श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा सालदारांच्या मजुरीसाठी आदिवासी बायामाणसंच पुढे आली होती. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवाल तेव्हा उचल किती, धान्य किती, महिन्याला किती दिवस सुट्टी, हे दोन कागदांवर सारखं लिहून घ्या. दोन्हींवर मालकाची सही घ्या आणि एक कागद तुमच्या घरातल्या पेटीत ठेवा.