पीएफएक्समधून प्रायव्हेट की काढताना

"सर्टिफिकेट मेल केलंय, त्यातून की काढून द्या ना." वेबसाइटच्या एचटीटीपीएस सर्टिफिकेटसाठी क्लायंटचा असा फोन आला की मी आधी फाइलचं एक्स्टेन्शन बघतो. ते सीआरटी किंवा सीईआर असेल तर विषय तिथेच संपतो, कारण त्या फाइलमध्ये प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटाच्या जोडीची गुप्त चावी, नसतेच. त्यात असतं डोमेनचं नाव, मुदत, पब्लिक की (जोडीतली उघडी चावी) आणि सीएची, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सही, थोडक्यात कुणालाही बिनधास्त दाखवावं असं सगळं. प्रायव्हेट की तयार होते ती ज्या मशीनवर सीएसआर (सीएकडे पाठवायचा सर्टिफिकेटाचा अर्ज) बनवला तिथे. त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला: सीएसआर कुठल्या सर्व्हरवर बनवला होता?

आमच्याकडे बहुतेक वेळा उत्तर येतं, जुन्या विंडोजवर, आयआयएस या तिथल्या वेब सर्व्हरमधून. आणि साइट न्यायची असते उबंटू लिनक्सवर, एनजिनएक्स या वेब सर्व्हरखाली. तेच उदाहरण घेऊ. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात, टर्मिनलवर नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा.)

विंडोजवर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'गेट-चाइल्डआयटम सर्ट:\लोकलमशीन\माय' ही यादी 'सिलेक्ट सब्जेक्ट, थंबप्रिंट, नॉटआफ्टर, हॅजप्रायव्हेटकी' मधून पाइप करा. एकाच डोमेनची दोन-तीन सर्टिफिकेटं पडलेली असतात, मुदत बघून योग्य तेच धरा. हॅजप्रायव्हेटकीसमोर 'फॉल्स' असेल तर या मशीनवर शोधण्यात अर्थ नाही. 'ट्रू' असेल तर 'रीड-होस्ट -ॲजसिक्युअरस्ट्रिंग'ने पासवर्ड एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि 'एक्स्पोर्ट-पीएफएक्ससर्टिफिकेट'ला '-सर्ट', '-फाइलपाथ' आणि '-पासवर्ड' द्या. यातून निघते ती पीएफएक्स: सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की एकत्र असलेली, पासवर्डने बंद केलेली फाइल.

इथे 'नॉन-एक्स्पोर्टेबल' अशी एरर आली, तर थांबा. की आहे, पण बाहेर न्यायची परवानगी नाही. ती मेमरीतून ओढून काढणारी टूल्स नेटवर सापडतात, मी ती क्लायंटच्या सर्व्हरवर चालवत नाही. नव्या मशीनवर नवा सीएसआर बनवून सर्टिफिकेट रीइश्यू करून घ्या, बहुतेक सीए मुदतीत ते फुकट करून देतात. खरं सांगायचं तर एक्स्पोर्टच्या खटपटीपेक्षा मला हाच रस्ता जास्त आवडतो, त्यात प्रायव्हेट की एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फिरतच नाही. जीएसटी आणि आयकरच्या सह्यांसाठी वापरतात त्या डीएससीच्या (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटाच्या) यूएसबी टोकनचंही तेच. त्यातली की टोकनबाहेर काढता येत नाही, तसं बनवलंय म्हणूनच ते टोकन आहे.

पीएफएक्स एससीपीने (नेटवर्कवरून सुरक्षित कॉपी करणाऱ्या कमांडने) लिनक्सवर आणली की आधी 'युमास्क ०७७' टाका, म्हणजे पुढच्या फाइल फक्त तुम्हालाच वाचता येतील. मग:

ओपनएसएसएल पीकेसीएस१२ -इन साइट.पीएफएक्स -नोसर्ट्स -नोएनसी -आउट साइट.की

'-नोएनसी' वगळलंत तर की पासफ्रेजसह निघते, आणि रात्री सर्व्हर रीबूट झाला की पासफ्रेजअभावी एनजिनएक्स सुरूच होत नाही. ओपनएसएसएल ३.० च्या आधी याच कामाला '-नोड्स' होतं. जुन्या विंडोजची पीएफएक्स असेल तर ३.० वर 'अनसपोर्टेड' आणि 'आरसी२-४०-सीबीसी' अशी एरर दिसते. पासवर्ड चुकला असं वाटून माणसं तासभर डोकं फोडतात. पासवर्ड बरोबरच असतो, जुनं एन्क्रिप्शन आता बाय डिफॉल्ट बंद आहे इतकंच. त्याच कमांडला '-लेगसी' जोडा, काम होतं. त्यासाठी ओपनएसएसएलची जुनी आवृत्ती टाकायची गरज नाही.

साइट.की उघडल्यावर 'बिगिन' या ओळीच्या वर 'बॅग ॲट्रिब्यूट्स'चा मजकूर दिसेल. एनजिनएक्सला त्याचं काही नाही, पण काही लोड बॅलन्सरची पॅनेल ती की घेत नाहीत. 'ओपनएसएसएल पीकी -इन साइट.की -आउट स्वच्छ.की' एवढ्याने तो निघून जातो.

सर्टिफिकेटासाठी त्याच पीकेसीएस१२ कमांडमध्ये '-नोसर्ट्स'च्या जागी '-क्लसर्ट्स -नोकीज', मधल्या साखळीसाठी (सीएच्या मधल्या सर्टिफिकेटांसाठी) '-सीएसर्ट्स -नोकीज', आणि '-आउट'ला दर वेळी वेगळं नाव. दोन्ही साइट.सीआरटी या एका फाइलीत जोडताना आपलं सर्टिफिकेट वर. साखळीचा क्रम पीएफएक्समध्ये उलटसुलट असू शकतो, तो डोळ्यांनी तपासा.

आता जोडी जुळते का ते बघा. 'ओपनएसएसएल पीकी -इन साइट.की -पबआउट' आणि 'ओपनएसएसएल एक्स५०९ -इन साइट.सीआरटी -पबकी -नोआउट', दोन्हींचं आउटपुट 'एसएचए२५६सम'मध्ये पाइप करा. आकडे सारखे तर जोडी खरी. मॉड्युलस जुळवायची जुनी युक्ती फक्त आरएसएला चालते, ईसी कीला नाही.

दहा-वीस पीएफएक्स असतील तर बॅशचा साधा 'फॉर' लूप लावा. पासवर्ड मात्र '-पासइन पास:' असा कमांडमध्ये लिहू नका, तो हिस्टरीत राहतो आणि चालू असताना 'पीएस'मध्येही दिसू शकतो. '-पासइन फाइल:' वापरा, काम झालं की ती फाइल उडवा.

'एनजिनएक्स -टी' (कॉन्फिगची तपासणी) बिनतक्रार गेलं की रीलोड करा आणि दोन्ही मशीनवरच्या पीएफएक्स काढून टाका. डाउनलोड्स फोल्डर आणि रीसायकल बिनही बघा. आणि कुणी पीएफएक्स आणि पासवर्ड एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बसलं असेल, तर डिलीट फॉर एव्हरीवनवर विसंबू नका, नवी की बनवा आणि जुनं सर्टिफिकेट रिव्होक, म्हणजे रद्द करायला सीएला सांगा.