जुना लेथ बसवताना

जुना लेथ, म्हणजे धातू फिरवून कातण्याचे मशीन, विकत घेताना ताज्या रंगाकडे न पाहता बेड, म्हणजे मशीनचा लांब पाया, तपासावा. चकजवळचा (काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळचा) भाग सर्वांत जास्त झिजलेला असतो. म्हणून कॅरेज (बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग) तिथे जेमतेम सरकेल इतपत घट्ट करून टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) सरकवावे, आणि ते वाटेत अडकू लागले, तर चकजवळ झीज झाली आहे असे समजावे.

मशीन पक्क्या काँक्रीटवर ठेवून बेड आडवा व उभा, दोन्ही दिशांनी लेव्हलमध्ये आणावा. सुताराची लेव्हल येथे पुरत नाही; मीटरला 0.02 मिमी फरक दाखवणारी लेव्हल उसनी मिळाली तरी चालते. त्यानंतर सुमारे 30 मिमी जाडीचा रॉड टेलस्टॉकचा आधार न देता चकमध्ये धरून, 150 मिमी अंतरावरील दोन कडा (रॉडवरचे अरुंद पट्टे) एकाच सेटिंगवर अगदी हलक्या कटाने कातून मायक्रोमीटरने मोजाव्यात. बाहेरची, म्हणजे चकपासून लांबची, कड जाड भरल्यास टेलस्टॉककडच्या, कामगाराच्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घालावी आणि पुन्हा कातून पाहावे. या कामात अर्धा दिवस सहज जातो, पण तो वाचवू नये.

शिकताना सुरुवात माइल्ड स्टील, म्हणजे साध्या मऊ पोलादापासून करावी. टूलचे (कातणाऱ्या हत्याराचे) टोक सेंटरच्या, म्हणजे काम ज्या अक्षाभोवती फिरते त्याच्या, उंचीवर आणावे. हायस्पीड स्टीलच्या टूलसाठी मिनिटाला सुमारे 25 मीटर कटिंग वेग धरल्यास 25 मिमी रॉडला मिनिटाला अंदाजे 320 फेरे येतात. हँडल उलट फिरवताना स्क्रूतील ढिलेपणामुळे हँडलवरचा आकडा फसवतो, म्हणून माप नेहमी एकाच दिशेने गाठावे.

हातमोजे घालू नयेत, आणि चकची चावी क्षणभरही चकमध्ये ठेवू नये.