न्यूयॉर्कच्या स्टेकहाउसमध्ये जेवायला जाताना

लातूर-नांदेडकडचे आईवडील अमेरिकेत मुलांकडे गेले, की एखाद्या संध्याकाळी मुले त्यांना जुन्या, भारी स्टेकहाउसमध्ये घेऊन जातात. स्टेक म्हणजे मांसाचा, बहुधा गोमांसाचा, आचेवर भाजलेला जाड काप. तिथे काळा मसाला नसतो, रस्सा नसतो. मीठ, मिरी आणि आच यांवरच सगळी मदार असते.

टेबल आधीच राखून ठेवावे. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांचीही अडचण होत नाही, कारण मासे आणि लँब चॉप बहुतेक ठिकाणी मिळतात; मॅनहॅटनमधले १८८५ सालचे कीन्स तर मटन चॉपसाठीच प्रसिद्ध आहे. भाजण्याची जाळी वेगळी असते का, एवढे मात्र विचारून घ्यावे.

स्टेक मागवल्यावर तो किती भाजायचा, हे वेटर विचारतोच. मध्यभागाचे तापमान रेअरला (जेमतेम भाजलेला) सुमारे ५२ अंश सेल्सिअस, मीडियम रेअरला ५५, मीडियमला ६० आणि वेल डनला (पूर्ण भाजलेला) ७०च्या पुढे असते. हाडापासून सुटणाऱ्या मटणाची सवय असल्यामुळे आपण चटकन वेल डन सांगून मोकळे होतो. पण रस्स्यातले मटण पाण्यात बराच वेळ शिजून मऊ पडते, तर स्टेकसाठी निवडलेले मांस मुळातच कोवळे असते आणि कडक आचेवर अधिक भाजले, तर उलट चिवट होते. कमी भाजलेल्या स्टेकच्या आतल्या गुलाबी रंगाने बिचकणाऱ्याने मीडियम सांगावे. ताटात उतरणारा तांबडा रस हे रक्त नव्हे. मायोग्लोबिन या प्रथिनामुळे पाण्याला तो रंग येतो.

मेन्यूवर दिसणारे ड्राय-एज्ड म्हणजे शून्याच्या किंचित वर तापमान असलेल्या खोलीत काही आठवडे ठेवलेले मांस. त्याचा वास थोडा उग्र असतो, तो शिळेपणाचा समजू नये.

पहिल्या खेपेला आम्ही चौघांनी चार स्टेक आणि प्रत्येकी पालक-बटाटे मागवले, तेव्हा टेबलावर पाण्याचा पेला ठेवायलाही जागा उरली नाही. पोर्टरहाउस, म्हणजे हाडासकटचा मोठा स्टेक, दोघांत सहज पुरतो आणि पालकाची एक वाटी तिघांत होते. सुरी उजव्या हातात धरून, मांसाच्या धाग्यांना आडवा छेद देत, एका वेळी एकच घास कापावा. सगळे तुकडे आधी केले, तर मांस गार होते.

बिलात ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो. टीप आधीच धरलेली नसेल, तर कराआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के द्यावी. उरलेले बांधून मागण्यात कमीपणा नाही; दुसऱ्या दिवशी पातळ काप करून, तव्यावर जरासे परतून, भाकरी-ठेच्याबरोबर ते फार छान लागते.